कुंकू लावलेली हत्यारं

माझे वडील गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालायचं काम करत. उसाचा रस ज्या मोठ्या काहिलीत उकळतो, तिच्याखालच्या भट्टीत दिवसभर वाळली चिपाडं सारायची आणि जाळ कमी होऊ द्यायचा नाही, की भडकू द्यायचा नाही. हातकणंगल्याजवळच्या आमच्या गावात हंगामापुरतं हे काम मिळे. हंगाम सरला की दुसऱ्याच्या रानात मजुरी. आई लोकांच्या रानात भांगलायला, तण काढायला जाई. घर म्हणजे एक खोली, निम्म्या भागावर कौलं आणि निम्म्या भागावर उसाचा पाला. माझ्या पाठची दोन भावंडं तापानं गेली. त्या वेळी दवाखान्याचा विचारही कुणाच्या डोक्यात आला नाही. दवाखाना कोल्हापुरात, तिथं रेल्वेनं जायचं, आणि रेल्वेत बसायला अंगावर धड कापड लागतं, असं आई म्हणायची. मी हे रडगाणं म्हणून सांगत नाही. कुठून निघालो ते सांगितलं नाही तर कुठं पोचलो ते कळायचं नाही.

कोल्हापूर संस्थान विलीन झालं त्याच्या आदल्या हंगामात काहील उतरवताना एका बाजूचा दांडा निसटला आणि उकळता रस आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उजव्या हातावर आला. पाक तो, पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून बसतो. गावात चुन्याची निवळी आणि खोबरेल लावलं. दहा-बारा दिवसांनी हाताला वास यायला लागला, तेव्हा आईनं शेजारणीचं लुगडं मागून नेसलं आणि आम्ही तिघं रेल्वेत बसलो.

राजारामपुरी तेव्हा आखलेली होती, पण भरलेली नव्हती. मधेमधे मोकळे प्लॉट, त्यांत म्हशी चरायच्या. तिथं एका सर्जन डॉक्टरांचा नवा दवाखाना होता. डॉक्टरांनी आबांचा हात वाचवला, पण बोटं एकमेकांना चिकटून आखडली होती. दोन वेळा ऑपरेशन करून अंगठा आणि दोन बोटं मोकळी केली. तितक्या दिवसांत आबांजवळ राहायचं तर काहीतरी करायला हवं, म्हणून आईनं दवाखान्यात झाडलोट धरली. आबा बरे झाले, पण ज्वारीचं कणीस कापण्याइतकाही तो हात उरला नव्हता. मग गावाकडं जाऊन करायचं काय? आम्ही राहिलो. दवाखान्याच्या मागं एक खोली होती, तिच्यावर पूर्ण कौलं होती. मला शाळेत घातलं.

ऑपरेशन थिएटर एका सिस्टरबाईंच्या ताब्यात होतं. मिरजेला शिकलेल्या, ख्रिस्ती, पन्नाशीला आलेल्या, उंच आणि कमी बोलणाऱ्या. डॉक्टरसुद्धा त्यांना विचारून खिडकी उघडायचे. आई फरशी पुसायला थिएटरात जाई, तेव्हा त्या हत्यारं धूत असत. आई पुसता पुसता बघत राही. एक दिवस त्यांनी विचारलं, "काय बघतेस?"

आई म्हणाली, "गार पाण्यात धुतायसा म्हणून बघतीया. रगात हाय, ऊन पाण्यानं लवकर निघंल की."

"निघणार नाही. गरम पाण्यात रक्त शिजतं. अंडं शिजतं तसं. मग चिकटून बसतं." आणि हातातला चिमटा त्यांनी आईपुढं केला. "धर. आता तू धू."

असं आईचं शिक्षण सुरू झालं. आईला अक्षर येत नव्हतं, पण जे एकदा दाखवलं ते तिच्या हातात बसायचं. आधी गार पाणी, मग सोड्याचं ऊन पाणी आणि ब्रश. चिमट्याचं तोंड उघडून दात घासायचे, आणि जिथं दोन पाती एकमेकांत अडकतात तो सांधा सगळ्यात जास्त घासायचा, कारण घाण तिथं लपते. मग उकळणं. स्टोव्हवर लांबट डबा असे, त्यातलं पाणी खळाखळा उकळायला लागल्यापासून वीस मिनिटं. मधेच एखादं हत्यार टाकलं तर वेळ पुन्हा पहिल्यापासून. सुऱ्या आणि कात्र्या मात्र उकळायच्या नाहीत, धार जाते. त्या कार्बोलिकच्या जंतुनाशक पाण्यात बुडवून ठेवायच्या. काम संपलं की सगळं कोरडं करून सांध्यात तेलाचा एक थेंब. रबरी हातमोज्यात हवा भरून तो पाण्यात धरायचा, बुडबुडा आला की तिथं ठिगळ.

सिस्टरबाई परीक्षा घ्यायच्या ती माझ्या केसांवर. माझी वेणी लांब होती. शाळेतून आले की त्या म्हणत, "ये इकडं, एक केस दे." तो केस आई चिमट्यात धरायची आणि सिस्टरबाई दुसऱ्या टोकानं ओढायच्या. केस सुटला तर चिमटा सैल, दुरुस्तीला. केस तुटला पण सुटला नाही, तर चिमटा पास. आबा म्हणायचे, "ह्या दवाखान्यात पोरगीला टक्कल पडणार बघ."

हत्यारांची इंग्रजी नावं आईच्या तोंडात बसेनात, म्हणून तिनं आपली ठेवली. लांब चोचीचा तो बगळा. त्याच्याहून लहान तो धाकटा बगळा. टोकाला दात असलेला तो उंदीर. जखम ओढून धरायची वाकडी पट्टी म्हणजे उलथणं. सिस्टरबाई सुरुवातीला रागावल्या. पण एकदा ऑपरेशनमध्ये डॉक्टरच बोलून गेले, "मावशी, धाकटा बगळा", आणि पुढं तेच चालू झालं. इस्त्रीचे कपडे घातलेले डॉक्टर, बाहेरगावाहून भूल द्यायला आलेले दुसरे डॉक्टर, आणि मध्येच "उंदीर द्या, उंदीर". बाहेरून ऐकणाऱ्याला काय वाटत असेल कोण जाणे.

आबांना स्टोव्ह आणि मागच्या अंगणातली चूल सोपवली होती. कापड, मोजे, पट्ट्या वाफेत शिजवायचा मोठा डबा त्या चुलीवर असे. चुलीपुढं बसलं की त्यांचा आखडलेला हात कुणाच्या ध्यानात येत नसे. "गुळाचं आदण बिघडलं तर काकवी तरी हुती," ते म्हणायचे, "ह्येचं बिघडलं तर काय हुईल?" सिस्टरबाई शांतपणे म्हणायच्या, "माणूस मरेल." मग आबा जाळ सारखा करायचे.

मी मॅट्रिक पास झाले. आमच्या सगळ्या भावकीत मॅट्रिक झालेलं कुणी नव्हतं, पोरगा नाही की पोरगी नाही. डॉक्टरांनी पेढे वाटले, मला कॉलेजात नाव घालायला लावलं, सायन्सला. आणि त्याच पावसाळ्यात सिस्टरबाईंनी सांगितलं की दिवाळीनंतर त्या कायमच्या मिरजेला जाणार. भाऊ आजारी होता, त्याचं घर बघायला कुणी नव्हतं.

आता थिएटर कुणाकडं? डॉक्टरांच्या मनात मिरजेचाच एक शिकलेला माणूस होता. त्यांचं चुकत नव्हतं. पण तो माणूस आला तर मागची खोली त्याची होणार, आणि आम्हाला गावाकडं जावं लागणार. गावाकडं माझ्या चुलत्यानं माझ्यासाठी स्थळ बघून ठेवलेलं होतं. दोन एकर बागायत, मुलगा दुसरेपणाचा. "कालेज कशाला पोरीला," असा त्याचा निरोप दर महिन्याला यायचा. म्हणजे आईला थिएटर मिळालं तर माझं कॉलेज, नाही मिळालं तर ते स्थळ. इतकं ते सरळ होतं.

आईनं सिस्टरबाईंना विचारलं, "बाई, माझ्याच्यानं हुईल का न्हाय?"

सिस्टरबाई म्हणाल्या, "दसऱ्याला मी चार दिवस मिरजेला जाते आहे. थिएटर तुझ्या हवाली. परत आल्यावर डॉक्टरांना काय ते सांगेन. हो म्हणेन, नाही तर नाही म्हणेन."

दवाखान्यात खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची. सगळं कोल्हापूर त्या दिवशी काही ना काही पुजत असतं. कुणी तलवार, कुणी नांगर, कुणी लॉरी, कुणी शिवणयंत्र. डॉक्टरांच्या मातोश्री, त्यांना सगळे आईसाहेब म्हणत, स्वतः येऊन पूजा करायच्या. पुजलेली हत्यारं दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायची नाहीत, त्यांना त्या दिवशी सुट्टी, असा रिवाज. दरवर्षी मांडणी सिस्टरबाई करायच्या. त्या पूजेला थांबत नसत, पण पांढरं कापड अंथरून हत्यारं मांडून द्यायच्या, आणि ती निम्मीच असायची. आईला ते खटकायचं. खोलीत आली की बोलायची, "बाईंचं देव येगळं, त्येंना काय त्येचं. पण ती बाकीची हत्यारं वरीसभर राबत न्हाईत व्हय? त्येंनी काय घोडं मारलंय?"

त्या वर्षी मांडणी आईच्या हातात आली. तिनं कपाटातलं एकूण एक हत्यार बाहेर काढलं. अडीअडचणीला लागणारा एक संच वाफवून, कापडात गुंडाळून डब्यात बंद असायचा. तोसुद्धा उघडून मांडला. टेबल भरलं, दुसरं आणलं. आईसाहेब आल्या, बघून खूश झाल्या. "यंदा कशी भरल्यासारखी दिसतायत," म्हणाल्या. मग गावाकडं चुलवाणाची आणि काहिलीची पूजा करतात तशी आईनं आईसाहेबांच्या जोडीनं मनापासून पूजा केली. हत्याराच्या कडेला एक बोट टेकवून भागवणारी ती नव्हे. प्रत्येक चिमट्याचं तोंड उघडून आत हळद, आत कुंकू, वर अक्षता, सांध्यावर गंधाचा ठिपका. झेंडूची फुलं अशी ओतली की हत्यारं दिसेनात. मीही तिथंच होते, फुलं देत होते. आम्हाला दोघींनाही फार बरं वाटलं.

दुपारची जेवणं झाली होती. मी ओट्यावर कॉलेजचं पुस्तक घेऊन बसले होते. तेवढ्यात फाटकातून एक लॉरी आत आली. पुढं केळीचे खांब बांधलेले, काचेवर झेंडूची माळ, चाकांवर कुंकवाचे पंजे. चालक उतरला तो आबांना म्हणाला, "गाडीची पूजा झालतीया, आज हलवायची न्हवती. पण बाई लई नडलीया. आमच्या शेजारची हाय."

शाहूवाडीकडच्या डोंगरातून आली होती ती लॉरी. मागं पेंढ्यावर एक बाळंतीण होती, माझ्याच वयाची. दोन दिवस अडलेली. तिची सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली आणि नवरा पायाशी. डॉक्टरांनी तपासलं आणि आईकडं वळून म्हणाले, "मावशी, पोट उघडावं लागेल. डब्यातला संच काढा."

आईनं सांगितलं, "डब्यात काय न्हाय, साहेब. सगळं पूजेत हाय. मी मांडलं."

डॉक्टरांनी घड्याळाकडं बघितलं. मग एवढंच म्हणाले, "किती वेळ?"

"घासायचं आणि उकळायचं. हात चालवती."

"मी तिला तयार करतो. भूलही मीच देईन, पाठीत. तुम्ही बोलवा, मग सुरू करू." आणि ते आत गेले.

आईनं पदर खोचला. आईसाहेब अजून पूजेच्या टेबलाशीच होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, उद्यापर्यंत हलवायची नाहीत ना ती?"

आई त्यांच्या पाया पडली आणि उठता उठताच तिनं पहिला बगळा उचलला. "आईसाब, उचलतीया. काय कमी-जास्त झालं तर माझ्या डोस्क्यावर. पर ही बाई थांबायची न्हाय."

 आईसाहेबांनी बांगड्या मागं सारल्या. "मीच लावलंय, तर मला पण धुवायला दे काहीतरी."

बाहेर आबांनी चुलीत जाळ घातला आणि दोन्ही स्टोव्ह पेटवले. लॉरीचालक कोपऱ्यात उभा राहून काय करू, काय करू म्हणत होता. आबा त्याला म्हणाले, "पावणं, हिरीचं पाणी वडा की. नुसतं हुबं राहून काय हुतंय."

आम्ही तिघी नळाशी बसलो. अक्षता पटकन गेल्या, पण हळद सांध्यात जाऊन बसली होती आणि गंध वाळून घट्ट झालं होतं. आईनं सोड्याचं ऊन पाणी घमेल्यात ओतलं, हत्यारं बुडवली, आणि घमेलं लालभडक झालं. रक्तानं भरावं तसं. आईचा हात पाण्यात तसाच राहिला. आईसाहेबांनी पदर तोंडाला लावला.  ह्या बाईचं काही बरं होणार नाही, देवानं दाखवलं, असंच तिघींच्याही मनात आलं असणार.

आबा दारातून डोकावले. "काय झालं?"

"पाणी बघा की, लाल झालं," आई म्हणाली.

"अगं हळद हाय ती. चुना लागू दे न्हाईतर सोडा, लालच हुती. कुंकू तरी कशाचं करत्यात, हळदीचंच की. घास."

आईनं घमेलं उपडं केलं आणि घासायला लागली. पुढं कॉलेजात प्रयोगशाळेत आम्हाला हळदीचा कागद अल्कलीत बुडवायला दिला. कागद लाल झाला, मुलांनी वहीत उतरवून घेतलं. मी मात्र आधी हसले. सरांनी विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही, हे आमच्या वडिलांनी आधी सांगितलं होतं.

प्रत्येक हत्यार आई स्वतः तपासायची. मी घासून दिलेलं, आईसाहेबांनी घासून दिलेलं, सगळं. चिमटा उघडून दिव्याकडं धरायची, सांध्यावर पांढरी चिंधी फिरवायची. चिंधी पिवळी निघाली की परत. आईसाहेबांचा एक चिमटा तिनं तीन वेळा परत केला. त्या म्हणाल्या, "सासूसारखी वागतेस गं." आई म्हणाली, "व्हय आईसाब, परत घासा." सुऱ्या आणि कात्र्या पुसून कार्बोलिकमध्ये गेल्या. बाकीचं डब्यात, डबा स्टोव्हवर. आबांनी हवा मारली, स्टोव्ह घोंघावायला लागला. थोड्या वेळानं ते म्हणाले, "आलं आदण. बघ घड्याळ." मी भिंतीवरचं घड्याळ बघितलं.

नवरा दाराशी येऊन सारखा विचारत होता, झालं का, झालं का. आत ती पोर ओरडत होती, मग ओरडायचीही थांबली. ते जास्त भीतीदायक होतं. निम्मा वेळ गेला असेल, आणि आई टेबलावरची फुलं गोळा करायला गेली. ढिगाखालून एक चिमटा निघाला. धाकटा बगळा. तोंडात कुंकू तसंच.

आई तो घेऊन आली.  रक्तवाहिनी धरायला डॉक्टर सगळ्यात जास्त तोच मागायचे. तो डब्यात टाकला असता तर कुणाला कळलं असतं? आईसाहेब बाळंतिणीच्या सासूजवळ गेल्या होत्या, मी आणि आबा, दोघंच तिथं होतो. डबा उकळतच होता. आईनं डब्याकडं बघितलं, चिमट्याकडं बघितलं, आणि थिएटरच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"साहेब, धाकटा बगळा फुलात ऱ्हायलाता. डब्यात टाकला तर समद्यास्नी परत पयल्यापासनं वीस मिंट. काय करू?"

डॉक्टर हात धूत होते. "त्याच्याशिवाय सुरू करतो. मोठ्या बगळ्यावर भागवीन. तो वेगळा उकळता येईल?"

आई वळली तर आबांनी दुसऱ्या स्टोव्हवर धाकटं पातेलं चढवलेलंच होतं. "चुलीच्या बाजूला वैल असतीया न्हवं, तसं ह्ये," ते म्हणाले. "घास आणि टाक हितं."

वेळ भरला. आईनं उकळलेल्या लांब चिमट्यानं हत्यारं ट्रेवर काढली, वर वाफवलेलं कापड टाकलं आणि आत गेली. दार बंद झालं. मला आत जायची परवानगी नव्हती. मी आणि आबा ओट्यावर बसलो. लॉरीवाला केळीच्या खांबाला टेकून बिडी ओढत होता. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग दार किलकिलं झालं, आईचा हात बाहेर आला, आबांनी पातेल्यातला धाकटा बगळा झाकून तिला दिला. आणखी थोड्या वेळानं आतून एक बारीक किरकिर आली, मग दणदणीत रडणं. सासूनं जमिनीवर डोकं टेकलं. मुलगी झाली होती.

खरी परीक्षा पुढंच होती, हे आईला माहीत होतं. जखमेत काही गेलं असेल तर ते त्या दिवशी दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप चढतो, टाके लाल होतात, आणि टाके काढायच्या दिवशी पू निघतो. सिस्टरबाई मिरजेहून परत आल्या, त्या आल्या आल्या आईनं सगळं सांगून टाकलं. बंद डबा उघडला, चिमट्यांच्या तोंडात कुंकू घातलं, फुलांत एक विसरला. मी आडून ऐकत होते. वाटलं, हिला एवढं सगळं सांगायची काय गरज होती. आईसाहेबांनी तर सांगितलंही नसतं.

सिस्टरबाईंनी विचारलं, "सगळी का मांडलीस? मी कधी सगळी मांडली होती का?"

"मला वाटलं, तुमी ख्रिस्ती, तुमास्नी त्येचं काय न्हाय. म्हणून निम्मीच मांडतायसा."

सिस्टरबाई खुर्चीत बसल्या. त्यांच्या तोंडावर हसू यायला लागलं आणि त्यांनी ते दाबलं. "अगं, निम्मी पूजेला आणि निम्मी कामाला. आजारी माणूस पंचांग बघून येतो का? हे तुला सांगायला हवं होतं मी. मला वाटलं तुला दिसतंय." मग उठून म्हणाल्या, "टाके निघू देत. मग बोलू."

ते दिवस आईनं कसे काढले ते मी बघितलं. ती सकाळ-संध्याकाळ त्या बाळंतिणीच्या खाटेशी जायची, कपाळावर हात ठेवायची, सासूला काहीतरी विचारायची आणि परत यायची. देवाला तिनं काही मागितलं की नाही ठाऊक नाही. मला म्हणाली, "तू कालेजला जा. हितं बसून काय करतीयास? तुझ्या बघण्यानं ताप उतरायचा न्हाय." मी जायचे, पण फळ्यावरचं काही डोक्यात शिरत नसे. आबांनी चुलत्याच्या निरोप्याला सांगितलं, दिवाळीपर्यंत थांब. बस एवढंच.

टाके काढायच्या दिवशी सिस्टरबाई स्वतः गेल्या. आईला त्यांनी ट्रे धरायला लावला. एकेक टाका कापला, ओढला, कापसावर ठेवला. शेवटचा निघाल्यावर त्यांनी जखमेच्या दोन्ही बाजूंना बोटांनी दाबून बघितलं. कोरडी होती. कडेला लालीसुद्धा नव्हती. सिस्टरबाई आईला म्हणाल्या, "बघ." आईनं वाकून बघितलं. सासू म्हणाली, "काय बगताय बाई एवढं?" आई म्हणाली, "काय न्हाय आज्जी, ब्येस हाय."

सिस्टरबाई तशाच डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. आम्हाला बाहेर ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं त्या पहिल्यांदाच बोलल्या. "मिरजेच्या माणसाला कळवून टाका की नको. चूक झाली तर तो मला सांगेल की नाही, हे मला माहीत नाही. ही सांगते."

दिवाळीनंतर त्या गेल्या तेव्हा कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांनी आईच्या कमरेला स्वतः अडकवला. आणि जाताना माझा एक केस मागितला. मोठा बगळा उघडून त्यात धरला, ओढला. केस तुटला. "पास," म्हणाल्या, आणि टांग्यात बसल्या.

पुढच्या खंडेनवमीला आईनं निम्मी हत्यारं मांडली. निम्मी डब्यात, बंद. आईसाहेब म्हणाल्या, "मग त्यांना नाही का गं?" आई म्हणाली, "गेल्या साली ज्येंची झाली ती अवंदा कामाला, आणि पुढच्या खेपंला ह्येंचा नंबर. कुणाचं कुणाला लागत न्हाय." खरं म्हणजे गेल्या साली सगळ्यांचीच झाली होती. पण आईसाहेबांनी ते चालवून घेतलं. तो क्रम पुढं आईनं चुकू दिला नाही. कुठल्या बगळ्याची पूजा कुठल्या साली झाली हे तिच्या डोक्यात असायचं. आणि कुंकू आता तोंडात नाही, फक्त मुठीवर, एक ठिपका.

ती शाहूवाडीची मुलगी, धाकट्या बगळ्याच्या वेळची, दोन-तीन वर्षांनी आजीबरोबर आली होती, डोळे आले म्हणून. आईनं तिला थिएटरच्या दारापर्यंत नेलं, कपाट उघडून दाखवलं. पोरगी हत्यारांकडं न बघता आईच्या किल्ल्यांकडंच बघत होती.

आईनं ते थिएटर हात थकेपर्यंत सांभाळलं. आबांनी चूल सांभाळली. चुलत्याचं स्थळ दुसऱ्या कुणाला तरी गेलं. आणि मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, सेकंड क्लासमध्ये. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली.